वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रिक बाईक टॅक्सी, चार्जिंग आणि सवलतीचा हिशोब

मागच्या अंकात आपण आफ्रिका आणि आग्नेय आशियातल्या इलेक्ट्रिक बाईक टॅक्सींबद्दल वाचलं. केनिया-युगांडातले बोडा-बोडावाले, रवांडातल्या किगालीतले मोटोवाले, इंडोनेशियातले ओजेकवाले, आणि त्यांनी पेट्रोल सोडून बॅटरीवर यावं म्हणून चार्जिंगसाठी कायकाय सवलती दिल्या जातात, असा विषय होता. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की वेगळं प्रश्नोत्तराचं पान करावंच लागलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकलेली नाहीत.

प्रश्न : साधी गोष्ट आहे, चार्जिंगची वीज स्वस्त करा, ड्रायव्हर आपोआप इलेक्ट्रिककडे येतील. त्यात एवढा विचार कसला करायचा?

वीज स्वस्त करायला काहीच हरकत नाही, जरूर करावी, पण तिने ड्रायव्हरच्या खिशात नेमके किती पैसे पडतात ते एकदा कागदावर मांडून बघा. केनियाचं उदाहरण घेऊ, कारण तिथं आकडे समोर आहेत. २०२३ साली तिथल्या वीज नियामकाने ई-वाहनांच्या चार्जिंगसाठी वेगळा दर आणला, एरवी युनिटला १६ शिलिंग आणि रात्रीच्या कमी मागणीच्या वेळेत ८ शिलिंग, महिन्याला १५,००० युनिटपर्यंत, वरचे कर वगैरे वेगळे. आता बोडावाला दिवसाला १२० किलोमीटर चालवतो असं धरा, मागे एक पॅसेंजर, कधी दोन, कधी पोतं. अशा बाईकला किलोमीटरमागे साधारण ४० वॉट-तास लागतात (हजार वॉट-तासांचं एक युनिट), म्हणजे दिवसाला ५ युनिटच्या आतबाहेर. सगळी वीज महाग दराने घेतली तर ८० शिलिंग, सगळी रात्रीच्या दराने घेतली तर ४०. फरक किती? ४० शिलिंग. आणि तोही वरपासून खालपर्यंत पूर्ण झिरपला तर, मधे कोणी ठेवून घेतला नाही तर.

आता पेट्रोल बघा. लिटरला ४० चं ॲव्हरेज धरलं तरी तेवढ्याच अंतराला ३ लिटर, आणि २०२५ मध्ये नैरोबीत पेट्रोल १८० शिलिंगच्या आसपास होतं, म्हणजे ५४० शिलिंग रोजचे. इलेक्ट्रिकचा मोठा फायदा इथं आहे, ५४० आणि ८० मधे. ८० चे ४० झाले तर चांगलंच, पण त्या ४० साठी त्याला भर धंद्याच्या वेळेला अर्धा तास रांगेत उभं राहावं लागलं तर सवलत वाया गेली, कारण त्या अर्ध्या तासात एक-दोन ट्रिप सहज झाल्या असत्या आणि एका छोट्या ट्रिपमधेच तेवढे पैसे सुटले असते.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. बॅटरी बदलायच्या स्टेशनवर ड्रायव्हर जे पैसे भरतो त्यात विजेचा वाटा लहान असतो, मोठा वाटा खुद्द बॅटरीच्या झिजेचा, मग जागेचं भाडं, माणसाचा पगार, आणि बॅटरी विकत घ्यायला काढलेल्या कर्जाचं व्याज. त्यामुळे वीज निम्म्या दरात दिली म्हणून स्वॅप, म्हणजे रिकामी बॅटरी देऊन भरलेली घेणं, निम्म्या दरात मिळेल असं होत नाही. माझं मत विचाराल तर या धंद्यात कुठलीही सवलत आधी मिनिटांत मोजावी, मग पैशात. बोडावाल्याकडे सगळ्यात महाग वस्तू त्याचा वेळ आहे, आणि धोरणं आखणाऱ्यांच्या कागदात नेमका त्याचाच रकाना नसतो.

प्रश्न : रात्री घरी प्लगला लावून सकाळी फुल्ल गाडी घेऊन निघायचं, हे सोडून बॅटरी बदलायची एवढी मोठी यंत्रणा कशाला उभी करायची?

ज्याच्या घरी स्वतःचं मीटर आहे, गाडी आत घेता येते, आणि दिवसाचं अंतर एका बॅटरीत बसतं त्याने घरीच करावं, त्याच्याइतकं स्वस्त दुसरं काही नाही. इंडोनेशियात सरकारी वीज कंपनीने घरी चार्ज करणाऱ्यांना रात्री १० ते पहाटे ५ या वेळेत ३० टक्के सवलत दिली ती अशाच लोकांच्या कामाची.

पण बाईक टॅक्सी चालवणारा बहुतेक वेळा भाड्याच्या एका खोलीत राहतो, मीटर सगळ्या चाळीला मिळून एक, बिल घरमालक वाटून देतो, आणि एका खोलीतून रोज ५ युनिट जास्तीचे जायला लागले की भांडण ठरलेलं. बॅटरी काढून वर न्यायची तर ती चांगलीच जड असते, दोन असल्या तर दोन खेपा. वायरिंग जुनं, प्लग सैल, त्यावर रात्रभर चार्जर तापणार आणि शेजारी पोरं झोपलेली, ही भीती खोटी नाही. गाडी खाली सोडली तर चोरीचा घोर. आणि कित्येकांची तर गाडीच स्वतःची नसते, मालकाला रोजचं भाडं देऊन चालवतात किंवा रोजच्या हप्त्यावर घेतलेली असते.

शिवाय एवढं करूनही एका चार्जमधे दिवस निघत नाही. दुपारी बॅटरी उतरली की मग काय करायचं, दोन-तीन तास प्लगला लावून बसायचं? म्हणून स्वॅपिंग आलं. किगालीत अँपरसँड कंपनीने याच पद्धतीने सुरुवात केली, बेनिन आणि टोगोत स्पिरो कंपनीने केली, आणि दोघेही पुढे इतर देशांत गेले. बाईक ड्रायव्हरची, बॅटरी कंपनीची, त्यामुळे गाडीची सुरुवातीची किंमतही बरीच उतरते कारण बॅटरी हाच गाडीतला सगळ्यात महाग भाग. अर्थात त्याचबरोबर ड्रायव्हर एका कंपनीच्या स्टेशनांना बांधला जातो, त्यावर खाली येतेच.

प्रश्न : मी वीज वितरणात काम करतो. संध्याकाळी आधीच लोड फुल्ल असतो, त्यात हे हजारो चार्जर. संध्याकाळचा चार्जिंग दर चढा ठेवला तर ड्रायव्हर आपोआप दुसऱ्या वेळेला जातील ना?

तुमची काळजी रास्त आहे. केनियातही मागणीचा कळस रात्री ८ च्या आसपास येतो, लोक घरी येतात, दिवे, टीव्ही, पाणी तापवणं. पण ड्रायव्हरला संध्याकाळी ५ ते ८ म्हणजे ऑफिस सुटण्याची वेळ, दिवसातली सगळ्यात जास्त कमाई तेव्हा होते. त्या वेळेला बॅटरी संपली तर तो दर बघत नाही, जो असेल तो भरतो आणि पळतो. म्हणजे चढ्या दराने लोड हलत नाही, फक्त त्याची कमाई कापली जाते. त्याला दंड करून ग्रिड वाचत नाही.

इथं स्वॅपिंगचा खरा उपयोग आहे. ड्रायव्हर बॅटरी कधी बदलतो आणि ती बॅटरी चार्ज कधी होते या दोन वेगळ्या गोष्टी करता येतात. संध्याकाळी त्याने रिकामी आणून ठेवली, भरलेली घेऊन गेला, आणि रिकामी १० नंतर हळूहळू चार्ज झाली तर तुमच्या फीडरवर, म्हणजे त्या भागाला वीज नेणाऱ्या लाइनवर, संध्याकाळी काहीच आलं नाही. केनियात ओल्कारियाची भूऔष्णिक, म्हणजे जमिनीतल्या वाफेवर चालणारी, वीजकेंद्रं रात्रभर चालू असतात आणि मागणी नसल्यामुळे वाफ नुसती हवेत सोडून द्यावी लागते अशी स्थिती बरीच वर्षं आहे, त्या विजेला गिऱ्हाईक पाहिजेच आहे. तेव्हा चढा-उतरा दर स्टेशनला लावा, ड्रायव्हरला नको. स्टेशनवाल्याकडे टायमर आहे, सॉफ्टवेअर आहे, तो खेळवू शकतो.

पण यात एक अट आहे आणि ती पैशाची आहे. संध्याकाळभर रिकाम्या बॅटऱ्या रॅकमधे पडून ठेवायच्या तर भरलेल्या बॅटऱ्यांचा साठा तेवढा मोठा लागतो, आणि बॅटरी महाग. साठा कमी असेल तर आलेली रिकामी बॅटरी लगेच चार्जला लावावीच लागते, मग ८ वाजता का असेना. त्यामुळे मला विचाराल तर स्टेशनला युनिटमागे सूट देण्यापेक्षा जास्तीच्या बॅटऱ्या घ्यायला स्वस्त कर्ज दिलं तर ग्रिडचंही भलं होतं आणि रांगही तुटते, दोन्ही एका पैशात.

आणि ड्रायव्हरला हलवायचंच असेल तर त्याच्या मोकळ्या वेळेत हलवा. साधारण सकाळी ९ ला गर्दी ओसरते, मग ११ ते ३ स्टँडवर बाईका लागलेल्या असतात, कोणी सीटवर आडवं झालंय, कोणी फोन बघतंय, नंबर येईल तेव्हा येईल. त्या वेळेला बॅटरी अर्धी असली तरी बदलून ठेव, स्वस्तात देतो, असा मेसेज त्याच्या फोनवर गेला तर तो जाईल, कारण त्याचं काहीच बुडत नाही. दुपारी छतावरच्या सोलरची वीजही असते. त्याला संध्याकाळी फुल्ल बॅटरी मिळाली, तुमची ५ ते ८ ची रांग अर्धी झाली. वेळ बदलायला लावणारी सवलत त्याच्या दिवसाच्या आखणीत बसली पाहिजे एवढंच माझं म्हणणं आहे.

प्रश्न : पहिले काही महिने चार्जिंग पूर्ण फुकट ठेवलं तर?

सवय लावायला थोडे दिवस ठीक. पण फुकट म्हटलं की ८० टक्के भरलेली बॅटरीसुद्धा बदलायला लोक येतात, रांग वाढते, आणि ज्याची खरंच संपलीय तो मागे अडकतो. फुकटाची वेळ संपली की एकदम फसवल्यासारखं वाटतं ते वेगळंच. त्यापेक्षा कमी पण कायमचा दर बरा.

प्रश्न : स्वॅपचे पैसे प्रत्येक बदलीला ठरावीक घ्यावेत की वापरलेल्या युनिटवर? कंपन्या दोन्ही करतात, ड्रायव्हरला काय परवडतं?

या प्रश्नाबद्दल आभार, कारण सगळी मेख इथं आहे. स्टेशनवर काय होतं ते डोळ्यासमोर आणा. ड्रायव्हर गाडी लावतो, कप्पा उघडतो, कनेक्टर सोडवतो, बॅटरी हँडलला धरून ओढून काढतो, काउंटरवरचा माणूस ती स्कॅन करून रॅकमधे सरकवतो, दुसरी काढून देतो, मोबाईलवरून पैसे जातात, कप्पा बंद. रांग नसेल तर दोन मिनिटांचा खेळ.

आता समजा दर बदलीवर आहे आणि त्याच्या बॅटरीत ३० टक्के शिल्लक आहे. परत केली तर त्या ३० टक्क्यांचे भरलेले पैसे बुडाले. म्हणून तो स्टेशनसमोरून तसाच पुढे जातो, आणखी एक पॅसेंजर घेतो, मग ५ टक्क्यांवर येऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला अडकतो, आणि शेवटी गाडी ढकलत किंवा रिकामी फेरी मारत स्टेशन शोधतो. बॅटरी रोज तळाला नेल्यामुळे तिचं आयुष्यही घटतं, म्हणजे नुकसान कंपनीचंही. आणि सगळे जण शेवटच्या क्षणापर्यंत ताणतात म्हणून सगळे एकाच वेळेला येतात.

तेच वापरलेल्या युनिटवर पैसे असले तर ३० टक्क्यांची बॅटरी परत करायला काही वाटत नाही, वाटेत स्टेशन दिसलं, रांग नाही, बदलून टाकली. म्हणून मी युनिटच्या बाजूने आहे. पण मग जाता-येता बदलणारेही वाढतात, त्याला उपाय म्हणून प्रत्येक बदलीला अगदी छोटी फी आणि बाकी सगळं युनिटवर, असं मिश्रण ठेवता येतं. वर आणखी एक करता येईल, बॅटरी २० टक्क्यांच्या खाली न नेता परत आणणाऱ्याला थोडी सूट. ही सूट कंपनीला जड जाणार नाही कारण बॅटरी जास्त टिकते.

रोजचा ठरावीक पास हा तिसरा प्रकार. दिवसाला एवढे भरा, कितीही बदला. लांब चालवणाऱ्याला तो सोन्यासारखा, पण पावसाच्या दिवशी किंवा आजारपणात धंदा झाला नाही तरी पैसे गेलेच. रोज गाडीचं भाडं भरणाऱ्या माणसावर आणखी एक रोजचा ठरलेला खर्च लादणं मला पटत नाही. द्यायचाच तर न वापरलेला दिवस पुढे ढकलता आला पाहिजे.

बक्षीस, पॉइंट, कॅशबॅक काहीही द्या, त्याच दिवशी द्या. हा माणूस दिवसाच्या हिशोबावर जगतो, सकाळी निघताना त्याच्या डोक्यात आजचा आकडा असतो, गाडीचं भाडं, घरचा खर्च, हप्ता. महिनाअखेरीला मिळणारा बोनस त्याच्या आजच्या निर्णयात कुठंच बसत नाही. केनियात एम-पेसा २००७ पासून आहे, दहा शिलिंगसुद्धा लगेच फोनवर पाठवता येतात, मग थांबायचं कशाला?

प्रश्न : चार्जिंगच्या मागे लागण्यापेक्षा सरकारने गाडी घ्यायलाच मोठी सबसिडी द्यावी असं नाही का वाटत?

इंडोनेशियाने ते करून बघितलं. २०२३ मध्ये एका इलेक्ट्रिक मोटरसायकलमागे ७० लाख रुपिया. सुरुवातीला ठरावीक गटांनाच लागू होती, लोक फारसे आले नाहीत, त्याच वर्षी ऑगस्टमधे ती प्रत्येक ओळखपत्रामागे एक अशी खुली करावी लागली. सबसिडीने गाडी दारात येते, पण रोजच्या १२० किलोमीटरला पुरेल एवढी चार्जिंगची सोय वाटेत नसेल तर टॅक्सीवाला तिच्यावर धंदा करू शकत नाही.

रवांडाने वेगळा रस्ता घेतला आणि मला तो जास्त विचारपूर्वक वाटतो. २०२१ मध्ये त्यांनी ई-वाहनं, बॅटरी, सुटे भाग आणि चार्जिंगच्या सामानावर व्हॅट आणि आयात कर माफ केला, चार्जिंग स्टेशनला उद्योगांच्या दराने वीज दिली, आणि स्टेशनसाठी सरकारी जागा भाड्याशिवाय द्यायचं ठरवलं. ही शेवटची गोष्ट बाहेरून किरकोळ वाटते पण शहरात मोक्याच्या चौकात जागा मिळणं हा मोठा खर्च आणि अडथळा असतो, आणि स्टेशन जितकं वाटेवर तितकी ड्रायव्हरची रिकामी फेरी कमी. आधी हे सगळं करून मग जानेवारी २०२५ पासून किगालीत प्रवासी वाहतुकीसाठी नवीन पेट्रोल मोटरसायकलची नोंदणी बंद केली. आधी सोय आणि मग सक्ती, हा क्रम महत्त्वाचा. जिथं उलटं होतं तिथं त्रास ड्रायव्हरच्या वाट्याला येतो.

आणि कधीकधी सरकारच्या सवलतीपेक्षा पेट्रोलच मोठं काम करून जातं. मे २०२३ मध्ये नायजेरियाने पेट्रोलची सबसिडी काढली. शेजारच्या बेनिनमधे रस्त्याकडेला बाटल्यांतून विकलं जाणारं नायजेरियातलं चोरटं पेट्रोल, त्याला तिथं क्पायो म्हणतात, ते एका फटक्यात महाग झालं आणि झेमिजानवाल्यांना, म्हणजे तिथल्या बाईक टॅक्सीवाल्यांना, बॅटरीच्या गाड्या परवडायला लागल्या.

प्रश्न : सरकारने स्टेशनला स्वस्त वीज दिली तर ती सवलत ड्रायव्हरपर्यंत पोचते याची खात्री काय?

काहीच नाही, अट घातल्याशिवाय. एका भागात एकच कंपनी असेल आणि तिची बॅटरी दुसऱ्याच्या गाडीत बसत नसेल तर ड्रायव्हर जाणार कुठं? कंपनी दर उतरवेल कशाला? म्हणून स्वस्त विजेच्या बदल्यात दोन गोष्टी मागाव्यात असं मला मनापासून वाटतं. एक, स्वॅपचा दर भिंतीवर लावा, त्यात वीज किती, बॅटरी किती, बाकी किती ते वेगळं दाखवा. दुसरी, एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या गाडीत आणि चार्जरवर चालावी यासाठी सामाईक मापं ठरवा. कंपन्या विरोध करतील, त्यांचंही म्हणणं आहे की बॅटरीत पैसा आम्ही घातला आणि कोणी खराब केली तर जबाबदार कोण, ते चूक नाही. पण आज नाही ठरवलं तर पाच वर्षांनी लाखो बॅटऱ्या चार-पाच वेगवेगळ्या आकारांत अडकलेल्या असतील.

कार्बन क्रेडिटबद्दलही दोघांनी विचारलंय. पेट्रोल न जाळल्याबद्दल जे क्रेडिट, म्हणजे विकता येणारं प्रमाणपत्र, तयार होतं ते सहसा कंपनीच्या नावावर जातं. किलोमीटर मात्र ड्रायव्हरने चालवलेले असतात, त्यातला वाटा स्वॅपच्या दरात दिसायला हवा.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, याच विषयावर प्रोजेक्ट करतेय. कुठून सुरुवात करू?

ॲप आणि अल्गोरिदमपासून नको. आधी एका स्टेशनवर सकाळपासून रात्रीपर्यंत बस आणि प्रत्येक गाडीमागे चारच गोष्टी लिही, आला किती वाजता, रांगेत किती वेळ गेला, बॅटरीत किती टक्के शिल्लक होते, आणि स्टेशनला यायला त्याने वाट किती वाकडी केली. चौथा प्रश्न त्याला तोंडीच विचारावा लागेल, आणि तो घाईत असेल तेव्हा विचारू नकोस. एवढं हातात आलं की कुठल्या तासाला किती बॅटऱ्या कमी पडतात ते दिसेल, दुपारी किती जण येऊ शकले असते तेही दिसेल. मग एक आठवडा दुपारी ११ ते ३ सूट देऊन बघ, दुसरा आठवडा सूट न देता फक्त रॅकमधे बॅटऱ्या वाढवून बघ, आणि दोन्ही आठवड्यांत संध्याकाळची रांग किती मिनिटांनी घटली ते मोज. शक्य झालं तर त्या दोन आठवड्यांत ड्रायव्हरच्या ट्रिप किती वाढल्या तेही विचार, त्यांच्या फोनमधे हिशोब असतो. निकाल काहीही येवो, आम्हाला पाठव, पुढच्या अंकात छापू.